कायदेशीर तोतया

जावास्क्रिप्टमध्ये २०१५ पासून कायदेशीर तोतया बनवता येतो. त्याआधी कुणी बनवत नव्हतं असं नाही, पण तो सगळा मामला चोरीछुपे आणि अर्धामुर्धा होता. जून २०१५ मध्ये भाषेच्या नियमपुस्तकाची सहावी आवृत्ती निघाली आणि तिच्यात ‘प्रॉक्सी’ नावाची सोय रीतसर दाखल झाली. टॉम व्हान कटसेम आणि मार्क मिलर या दोघांनी तिचा आग्रह कित्येक वर्षं धरला होता. करायचं काय, तर एक खरी वस्तू घ्यायची, तिच्यापुढे एक खोटी उभी करायची आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण खोटीशीच बोलेल अशी व्यवस्था लावायची. खोटीने हवं तर निरोप आत पोचवावा, हवं तर मधल्या मध्ये फिरवावा, हवं तर गिळून ढेकर द्यावी.

तोतया म्हटलं की मराठी माणूस थेट पानिपतावर जातो. १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ तिथे पडले आणि काही वर्षांत ‘मीच भाऊ’ म्हणणारा एक गृहस्थ हजर झाला. त्याची पारख झाली, त्याला कैद झाली, पण १७७६ मध्ये हा पठ्ठ्या रत्नागिरीच्या कैदेतून सुटला आणि कोकणात भाऊंच्या नावाने कारभार करू लागला. नाना फडणिसांच्या डोक्याला ताप झाला. शेवटी त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्ताची शिक्षा मिळाली. पुढे न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं, म्हणजे इतिहासाइतकीच रंगभूमीचीही सोय झाली. या तोतयाची अडचण चेहऱ्याची नव्हतीच. पागोटं, चाल, बोलण्याची ढब, सगळं पढवता येतं. भाऊंच्या पोटात जे होतं ते मात्र पढवता येत नाही. जावास्क्रिप्टच्या तोतयाचं घोडं नेमकं इथेच पेंड खातं.

पण आधी त्याचं कौतुक. तोतयाला पढवून ठेवायचे प्रसंग एकंदर तेरा आहेत. कुणी प्रॉपर्टी वाचली तर काय करायचं, कुणी लिहिली तर काय, कुणी ‘अमुक तुझ्याकडे आहे का?’ विचारलं तर काय, कुणी पुसायला आलं तर काय, कुणी तुझे वाडवडील कोण म्हणून चौकशी केली तर काय, असे. प्रत्येक प्रसंगाला ‘ट्रॅप’ म्हणतात. सुरुवातीला चौदा होते. त्यातल्या एकाला पुढच्याच वर्षी नियमपुस्तकातून नारळ मिळाला. एका वर्षात नोकरी मिळून गेलीही असा योग आमच्या क्षेत्रात नवा नाही, पण तो भाषेच्या व्याकरणापर्यंत पोचलेला पाहून जरा आपलेपणा वाटला.

तेरा ट्रॅप हाताशी आले की माणसाला पहिला मोह होतो तो भाषेतल्या मूळच्याच वस्तूंची नक्कल करण्याचा. स्वतःची वस्तू बनवून तिची नक्कल करण्यात कसली मर्दुमकी? अ‍ॅरे, मॅप, डेट ही घराण्यातली मंडळी. यांचा हुबेहूब तोतया उभा करावा आणि कुणाला पत्ता लागू नये, ही खरी हौस. पायथनमधून आलेली मंडळी तर हटकून पहिल्या आठवड्यात असा अ‍ॅरे बनवतात की त्याला उणे एकावा घटक मागितला तर तो शेवटचा काढून देतो. मूळ अ‍ॅरेला उणे एक मागितलं तर तो शांतपणे ‘अनडिफाइन्ड’ म्हणतो. त्याच्या दृष्टीने ‘-१’ हे कुठल्याशा प्रॉपर्टीचं नाव आहे, आणि त्या नावाचं आपल्याकडे कुणी राहत नाही. २०२२ मध्ये भाषेने ‘अ‍ॅट’ नावाची मेथड देऊन ही हौस अधिकृतपणे भागवली, तरी तोतये बनायचे थांबलेले नाहीत.

अ‍ॅरेचा तोतया बनवून त्याच्या कानाशी बसलं की मूळ अ‍ॅरेबद्दलची बरीच घरगुती माहिती बाहेर पडते. रिकामा अ‍ॅरे घ्या, पुढे तोतया उभा करा, वाचण्या-लिहिण्याची नोंद ठेवा आणि त्यात ‘भेंडी’ पुश करा. आपल्याला वाटतं एक काम सांगितलं. तोतयाच्या वहीत चार नोंदी पडतात. आधी कुणीतरी येऊन ‘पुश आहे का?’ विचारतं. मग ‘लांबी किती?’ मग ‘शून्य’ या नावाखाली भेंडी ठेवली जाते, आणि हे शून्य आकडा म्हणून येत नाही, अक्षर म्हणून येतं, कारण प्रॉपर्टीची नावं इथे आकड्यांत नसतातच. शेवटी ‘लांबी एक करा’ असा हुकूम सुटतो. गंमत अशी की भेंडी ठेवली त्याच क्षणी लांबी आपोआप एक झालेली असते. म्हणजे झालेल्या कामाची नोंद पुन्हा एकदा रजिस्टरात करून घेतली जाते. ही भाषा १९९५ च्या मे महिन्यात ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत उभी केली असं सांगतात. दहा दिवसांत आमच्याकडे रजेचा अर्ज मंजूर होत नाही, त्यामुळे टीका करायचा अधिकार नाही. पण इतक्या घाईतही सरकारी कामाची पद्धत भाषेत कशी शिरली याचं नवल वाटतं.

तोतयाचे नियमही मोठे मासलेवाईक आहेत. त्याला खोटं बोलायची मुभा आहे, पण बेताने. खरी वस्तू गोठवून ठेवलेली असेल, म्हणजे तिच्या किमती कुणालाच बदलता येणार नसतील, तर तोतयाला त्याबाबत थाप मारता येत नाही. मारली की टाइप एरर. जी गोष्ट बदलू शकते तिच्याबद्दल खुशाल फेकावं, जी बदलूच शकत नाही तिच्याबद्दल खरंच सांगावं, असा हा कायदा आहे. राजकीय सभांना तो लागू करावा असं माझं जुनं मत आहे. शिवाय लिहिण्याच्या ट्रॅपने काम केल्यावर ‘हो, झालं’ असा होकार परत द्यावा लागतो. तो द्यायचा राहिला तर कडक शिस्तीच्या कोडमध्ये एरर येते, आणि तोवर किंमत आत ठेवूनही झालेली असते. काम चोख, पण ‘झालं साहेब’ म्हणायला विसरला म्हणून मेमो.

आता मॅप. आमच्या टीममध्ये एक नवी मुलगी आली, हुशार आणि अंगात रग असलेली. तिला ग्राहकांची माहिती ठेवणाऱ्या मॅपवर पाळत ठेवायची होती, कोण काय वाचतं याची नोंद करायला. तिने रिकाम्या सूचनांचा तोतया बनवला, म्हणजे काही अडवायचं नाही, सगळं जसंच्या तसं आत पोचवायचं. यात बिघडण्यासारखं काय आहे? तिने ‘साइज’ विचारली आणि स्क्रीन लाल झाली.

“दादा, हे जरा बघता का?”

बघितलं. क्रोम म्हणत होता: ‘मेथड गेट मॅप.प्रोटोटाइप.साइज कॉल्ड ऑन इनकम्पॅटिबल रिसीव्हर #<मॅप>’.

“म्हणजे मॅपची साइज मॅपला विचारली, आणि मॅप चालत नाही कारण तो मॅप आहे?”

“अगं, तसं नाही.”

“तसंच लिहिलंय.”

तसंच लिहिलं होतं. क्रोम बिचारा तोतयाच्या चेहऱ्याला फसून त्याचं नाव मॅप असं छापतो आणि त्याच वाक्यात त्याला हाकलतो. फायरफॉक्स त्यापेक्षा फटकळ आहे, तो सरळ ‘इनकम्पॅटिबल प्रॉक्सी’ म्हणतो. पुण्यात फायरफॉक्सची भाषा जास्त पटावी.

घडतं ते असं. खऱ्या मॅपच्या पोटात एक कप्पा असतो. नियमपुस्तकात त्याचं नाव ‘मॅपडेटा’. सगळ्या चाव्या आणि किमती तिथे. हा कप्पा म्हणजे प्रॉपर्टी नव्हे, तो वाचत नाहीत, लिहीत नाहीत, त्याला नावाने हाक मारत नाहीत. भाषेचं यंत्र थेट आत हात घालतं. तोतयाचे तेरा ट्रॅप हे सगळे दारावरचे. ‘साइज आहे का?’ हा प्रश्न दारावर येतो, तोतया तो इमानाने आत पोचवतो, साइज मोजणारी मेथड बाहेर येते आणि विचारते, ‘मोजू कुणाची?’ तोतया छाती काढून म्हणतो, ‘माझी.’ मेथड त्याच्या पोटात हात घालते. पोट रिकामं. पुढचं पुण्यातल्या १७७६ सारखं.

यावर उपाय आहे आणि तो प्रत्येकाला दुपारच्या जेवणाआधी सापडतो. मेथड मागितली की ती तोतयाला न बांधता खऱ्या मॅपला बांधून द्यायची. साइज येते, गेट चालतं, सेट चालतं, सगळे खूष. तिनेही तेच केलं. मग संध्याकाळी नोंदवहीत छिद्रं दिसू लागली. काही वाचनं नोंदली जात, काही नाही.

मॅपचं ‘सेट’ काम झाल्यावर स्वतः मॅपच परत देतं, म्हणजे एकापाठोपाठ एक सेट लिहिता येतात. आता ते बांधलंय खऱ्या मॅपला, त्यामुळे ते परत देतं खरा मॅप. पहिला सेट तोतयावर, त्यानंतरचा प्रत्येक सेट थेट अस्सल मालकावर, आणि ज्याने तो निकाल एखाद्या व्हेरिएबलमध्ये जपून ठेवला त्याच्या हातात पुढे कायमचा अस्सल मॅप. फॉरइचचंही तेच, ते तिसऱ्या हाताने खरा मॅप पुढे करतं. ज्याला लपवण्यासाठी एवढा खटाटोप, त्याचीच तोतया भर चौकात ओळख करून देतो. भरीला ‘गेट’ दोनदा मागून एकमेकांशी ताडून पाहिलं तर दोन वेगळे निघतात, कारण दर वेळी नवं बांधून दिलेलं असतं. शेवटी तिने प्रत्येक मेथड एकेक करून हाताने लिहून काढली. तेरा ट्रॅपचा थाट गेला आणि उरली ती साधी पोस्टातली कारकुनी.

तारखेची तऱ्हा आणखी वेगळी. डेटचा तोतया बनवून त्याला वर्ष विचारलं तर क्रोम एका ओळीत निकाल देतो, ‘धिस इज नॉट अ डेट ऑब्जेक्ट.’ पण नात्यागोत्याची चौकशी करा, ‘हा डेटच्या घराण्यातला का?’, तर उत्तर होय. जुन्या पद्धतीने ‘तू कोण?’ म्हणून टूस्ट्रिंगकडून वदवून घ्या, तर तो म्हणतो ‘ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट’. तेच मॅपच्या तोतयाला विचारा, तो ताठ मानेने ‘ऑब्जेक्ट मॅप’ म्हणतो, कारण मॅपच्या घराण्यात नाव पाटीवर लिहिलेलं असतं आणि पाटी कुणालाही वाचता येते. डेट जुना माणूस, तो पाटी लावत नाही. एका घरात आडनाव आहे पण नोकरी नाही, दुसऱ्यात आडनावही नाही.

आणि अ‍ॅरे? अ‍ॅरेचं सगळं सुरळीत. याला आमच्याकडे वशिला म्हणतात. ‘हा अ‍ॅरे आहे का?’ हे तपासणारं ‘इजअ‍ॅरे’ नावाचं फंक्शन आहे. त्याच्या नियमांत चक्क लिहून ठेवलंय की समोर प्रॉक्सी दिसला तर त्याच्या मागे कोण उभा आहे ते बघा, आणि तो अ‍ॅरे असेल तर होय म्हणा. मॅपला ही सवलत नाही, सेटला नाही, डेटला नाही. जेसन लिहिणारं फंक्शनही अ‍ॅरेच्या तोतयाला चौकटी कंसात बसवतं, कॉन्कॅटही त्याला पसरून घेतं. अर्थात अ‍ॅरेचा स्वभावही मोकळा आहे. त्याचा सगळा माल शून्य, एक, दोन अशा नावांच्या उघड्या प्रॉपर्टींत, पोटात लपवलेलं काही नाही, म्हणून त्याचा तोतया निभावतो. पण उघड्या स्वभावाला नियमपुस्तकात खास कलम कधीपासून मिळायला लागलं? माझ्या ओळखीच्या मोकळ्या माणसांना तर साधं पार्किंग मिळत नाही.

या वशिल्याचीही एक मर्यादा आहे. तोतयाचा परवाना रद्द करायची सोय भाषेत आहे. परवाना रद्द झालेल्या तोतयाबद्दल ‘हा अ‍ॅरे का?’ विचारलं तर उत्तर ना होय ना नाही, थेट एरर. हो-नाहीच्या प्रश्नाला तिसरं उत्तर म्हणून त्रागा, हे मी याआधी फक्त लग्नाच्या बैठकींत पाहिलं होतं.

या उद्योगाचा सर्वांत मोठा कारखाना म्हणजे इव्हान यू यांचं व्ह्यू हे फ्रेमवर्क. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रॉक्सी नव्हते. अ‍ॅरेच्या पुश, पॉप, स्प्लाइस अशा सात मेथड बदलून काम भागवलं होतं. त्यात भानगड अशी की अ‍ॅरेच्या शून्याव्या जागी सरळ नवी किंमत लिहिली तर डेटा बदलायचा, स्क्रीनला मात्र पत्ता नसायचा. यावर शंका विचारणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या. सप्टेंबर २०२० मध्ये तिसरी आवृत्ती आली ती तोतयांवर उभी राहून, आणि तो त्रास संपला. त्याजागी नवे आले. पुशच्या त्या चार नोंदी आठवा. पुश लिहायला जातो, पण जाता जाता लांबी वाचतो. व्ह्यूचा नियम असा की ज्याने जे वाचलं त्याला ते बदललं की उठवायचं. आता दोन पहारेकऱ्यांनी एकाच अ‍ॅरेत पुश केलं तर पहिल्याच्या पुशने लांबी बदलते म्हणून दुसरा उठतो, तो पुश करतो, लांबी बदलते, पहिला उठतो, आणि लॅपटॉपचा पंखा बोलू लागतो. म्हणून व्ह्यूने पुश चालू असेपर्यंत वाचनाच्या नोंदी घेणंच बंद ठेवलं. ‘इन्क्लूड्स’चं तर बघायलाच नको. अ‍ॅरेत खरी वस्तू ठेवलेली, आपण शोधतोय तिला, पण तोतया-अ‍ॅरे आतल्या वस्तू बाहेर देताना त्यांचेही तोतये करून देतो, आणि खरी वस्तू व तिचा तोतया यांची तुलना केली की उत्तर ‘वेगळे’. तुलनेच्या चिन्हाला ट्रॅप नाही. त्यामुळे व्ह्यू एकदा शोधतं, सापडलं नाही तर अस्सल रूपात पुन्हा एकदा शोधतं. मॅप आणि सेटसाठी मेथड हाताने लिहिल्या आहेत, हे मी आमच्या नव्या मुलीला दाखवलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

तिचं समाधान फार टिकलं नाही. टेस्टसाठी तिने एक सर्वगुणसंपन्न तोतया बनवला. कुठलीही मेथड मागा, तो म्हणणार ‘आहे’, आणि बोलावली की गप्प बसणार. डेटाबेसच्या जागी हा उभा केला की खऱ्या डेटाबेसची गरज नाही. सगळ्या टेस्ट पटापट हिरव्या झाल्या, एक सोडून. ती ना हिरवी ना लाल. एररही नाही. आम्ही खाली जाऊन कटिंग घेऊन आलो, तरी ती चालूच. ज्या ओळीवर अडली होती तिथे त्या तोतयासाठी ‘अवेट’ केलेलं होतं. अवेटची पद्धत अशी की समोरच्याला तो आधी विचारतो, ‘तुझ्याकडे देन आहे का?’ असेल तर समोरचा वचन देणारा आहे असं धरून तो देनला दोन फंक्शन देतो आणि बसून राहतो, की झालं की यातलं एक बोलव. आमचा तोतया कशालाच नाही म्हणत नव्हता. त्याने ‘देन आहे’ म्हणून सांगितलं, दोन्ही फंक्शन घेतली आणि सवयीप्रमाणे गप्प बसला. उपाय एका ओळीचा होता: कुणी देन विचारलं तर तेवढं नाही म्हण. “दादा, एवढंच?” म्हणाली. एवढंच. होयबांच्या हाताखाली काम अडलं की कारण शोधायला वेळ लागतो, सापडल्यावर ते एवढंच असतं.

तरीही मॅप, डेट वगैरे मंडळी हट्ट केला तर कशीबशी साधतात. ज्याच्यापुढे तेराही ट्रॅप हात टेकतात असं एकच पात्र ब्राउझरमध्ये आहे, त्याचं नाव ‘डॉक्युमेंट.ऑल’. पानावरच्या सगळ्या घटकांची ही यादी. इंटरनेट एक्सप्लोररने ती नव्वदच्या दशकात आणली. त्या काळच्या साइट लिहिणाऱ्यांनी मग एक युक्ती काढली: डॉक्युमेंट.ऑल आहे का बघा, असेल तर हा एक्सप्लोरर, त्याच्यासाठी वेगळं कोड चालवा. काही मात्र न विचारताच ती यादी वापरत. बाकीच्या ब्राउझरांची पंचाईत झाली. यादी ठेवली नाही तर न विचारणाऱ्यांची पानं मोडतात, ठेवली तर विचारणारे आपल्याला एक्सप्लोरर समजतात. मधला मार्ग असा निघाला की यादी ठेवायची, पण तिने ‘मी नाही’ म्हणायचं. टाइपऑफ विचारा, उत्तर ‘अनडिफाइन्ड’. इफमध्ये घाला, खोटी ठरते. सैल तुलनेत ती नलच्या बरोबरीची. आणि पहिला घटक मागा, निमूट काढून देते. एचटीएमएलच्या नियमपुस्तकाने हा जावास्क्रिप्टच्या नियमांचा जाणूनबुजून केलेला भंग आहे अशी कबुलीच देऊन ठेवली होती. पुढे जावास्क्रिप्टच्या पुस्तकानेच माघार घेऊन, मागच्या एका परिशिष्टात, या एका वस्तूसाठी पोटातला खास कप्पा मंजूर केला.

प्रॉक्सीला हे सोंग अजिबात वठवता येत नाही. टाइपऑफला ट्रॅप नाही, खरं-खोटं ठरवण्याला ट्रॅप नाही. तोतया काहीही झाला तरी ‘आहे’ म्हणून उभा राहतो, ‘नाही’ म्हणून उभं राहण्याची कला त्याला कुणी शिकवलेली नाही. जावास्क्रिप्टच्या अधिकृत चाचण्यांचा ‘टेस्ट२६२’ नावाचा भला मोठा संच आहे. त्यात या वस्तूच्याही चाचण्या आहेत. त्या लिहिणाऱ्यांना ती भाषेतून बनवता येईना, म्हणून त्यांनी इंजिन बनवणाऱ्यांकडे मागणी नोंदवून ठेवली आहे, की चाचणीपुरती अशी एक नसलेली वस्तू तुमच्याकडूनच तयार पाठवावी.